फोटो बरे येतात, पण चाललेत कुठे? (स्ट्रीट फोटोग्राफी आणि दिशा)

पायवाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथल्या फोटोग्राफीच्या धाग्यांवर मी बरेच दिवस वाचनमात्र आहे. आज स्वतः धागा काढतेय, कारण प्रश्न जरा लांबलचक आहे आणि दुसऱ्याच्या धाग्यात अवांतर म्हणून घुसवणं बरं दिसलं नसतं.

नोकरी सांभाळून फोटो काढते. सुट्टीच्या दिवशी सकाळी आणि एरवी जमेल तेव्हा संध्याकाळी कॅमेरा घेऊन रस्त्यावर भटकते. क्रॉप सेन्सरचा (आकाराने लहान सेन्सरचा) छोटासा कॅमेरा आहे, त्यावर २३ मिमीची लेन्स, म्हणजे फुल फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशेबात साधारण ३५. तांत्रिक बाजू आता हातात बसली आहे. उजेड बदलला की बोटं आपोआप डायलवर जातात, त्यासाठी डोकं वापरावं लागत नाही.

परवा गेल्या वर्षभरातले आवडते फोटो एका फोल्डरमध्ये काढले. मावळतीच्या उजेडात सायकलवाल्याची काळी आकृती. साचलेल्या पाण्यात उलटी पडलेली इमारत आणि तिच्यावरून उडी मारणारा मुलगा. जाहिरातीतल्या बाईची नजर आणि त्या नजरेखालून जाणारा माणूस. लाल भिंत, लाल छत्री. एकेक फोटो सुटा पाहिला तर बरा आहे. ओळीने पाहिले तर दहा निरनिराळ्या लोकांनी काढल्यासारखे वाटतात. जास्त बोचलं ते वेगळंच. यातला प्रत्येक फोटो मी आधी कुठे ना कुठे पाहिलेला आहे, दुसऱ्या कुणीतरी काढलेला.

लोक सल्ले भरपूर देतात. कुणी म्हणतं लेन्स बदल, कुणी म्हणतं सरळ ब्लॅक अँड व्हाइट कर, कुणी म्हणतं एखादा प्रोजेक्ट घे. प्रोजेक्ट घ्यायचा तर कशाचा, हे कोण सांगणार? ठरवून विषय शोधायला बसलं की डोक्यात नुसती मथळ्यासारखी नावं येतात: ‘एकटेपण’, ‘शहर आणि माणूस’. त्यातून एकही फोटो निघत नाही.

तुमच्यापैकी ज्यांना रस्त्यावर काम करताना वाट सापडली, त्यांना ती कशी सापडली?

झरोका

धागा काढलास हे फार बरं केलंस. मी याच चौकात उभी आहे. वाचतेय.

मीटरभर

लेन्स बदलू नका, हे आधी सांगतो. क्रॉपवर २३ रस्त्यासाठी उत्तम आहे. पण तुम्ही वर्णन केलेले सगळे फोटो लांबून काढलेले आहेत. काळी आकृती, प्रतिबिंब, पोस्टर, या सगळ्यात माणूस म्हणजे एक आकार झालाय. दिशेचा प्रश्न नंतर सोडवा, आधी दोन पावलं पुढे जा.

त्यासाठी ऑटोफोकसवरचा भार काढून टाका. लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) एफ/८ ठेवा आणि फोकस हाताने २ मीटरवर लावून सोडून द्या. तुमच्या लेन्सवर साधारण सव्वा मीटरपासून ५ मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. शटर १/५०० सेकंदापेक्षा मंद होऊ देऊ नका. जवळून चालत जाणारा माणूस १/१२५ ला हमखास हलतो. आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ऑटोवर, वरची मर्यादा ६४००. दाणे दिसले तर दिसू देत. एवढं केलं की कॅमेऱ्याकडे बघण्याचं काम संपतं आणि पूर्ण लक्ष समोर राहतं. २ मीटर म्हणजे किती, हे घरात दाराच्या चौकटीवरून, टेबलावरून नजरेत बसवून घ्या. रस्त्यात मोजायला वेळ नसतो.

पायवाट

@मीटरभर, धन्यवाद. लांबून काढलेत हे निरीक्षण अगदी बरोबर आहे. फोकस लावून ठेवायचा प्रयोग या रविवारी करते. तरी मूळ प्रश्न उरतोच. जवळ जाऊन तरी काय बघायचं?

निगेटिव्ह

सावकाश लिहितो, लांब होईल.

मी फिल्मच्या काळातला. रोल धुतला की त्याची कॉन्टॅक्ट शीट काढायचो. एका कागदावर छत्तीसच्या छत्तीस फ्रेम, टपाल तिकिटाएवढ्या. भिंग घेऊन बसायचं आणि लाल पेन्सिलीने खुणा करायच्या. त्या कागदावर फक्त चांगला फोटो दिसत नसे. त्याच्या आधीच्या चार आणि नंतरच्या सहा फ्रेमही दिसत. आपण कशाकडे ओढले गेलो, कुठे बिचकलो, कुठे लवकर निघून गेलो, सगळं तिथे उघडं पडायचं. डिजिटलमध्ये आपण हा टप्पाच गाळला. कार्ड रिकामं करताना एकाला तारा देतो आणि बाकीच्यांकडे पुन्हा ढुंकून पाहत नाही.

पायवाट, तुम्ही फोल्डरमध्ये ‘आवडते’ फोटो काढलेत. माझ्या मते तिथे चुकीच्या ढिगात शोध चाललाय. आवडते फोटो म्हणजे जे चांगल्या फोटोसारखे दिसतात ते. त्यामुळे ते दुसऱ्या कुणाचे वाटले यात नवल नाही. चांगला फोटो कसा दिसतो हे आपण दुसऱ्यांकडूनच शिकलेलो असतो. तुमचं स्वतःचं जे काही आहे ते नाकारलेल्या फोटोंत सापडायची शक्यता जास्त. कारण ते काढताना तुम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं की इथे फोटो आहे, आणि तरी बटण दाबलं गेलं.

फोटोग्राफर रॉबर्ट फ्रँक यांचं उदाहरण देतो. १९५५ आणि ५६ मध्ये गुगनहाइम फेलोशिपच्या (कलावंतांना मिळणाऱ्या अनुदानाच्या) पैशांवर ते अमेरिकाभर मोटारीने फिरले. साडेसातशेहून अधिक रोल काढले, म्हणजे २७ हजारांच्या वर फ्रेम. त्यातून ‘द अमेरिकन्स’ या त्यांच्या पुस्तकात आल्या ८३. निवड करताना त्यांनी मोठ्या संख्येने कच्चे प्रिंट काढून भिंतीवर लावले, गट पाडले, पुन्हा मोडले. झेंडे, मोटारी, ज्यूकबॉक्स असे गट त्या प्रक्रियेत दिसू लागले. आज ते पुस्तक पाहताना वाटतं की हा माणूस निघतानाच सगळं ठरवून निघाला होता. पण त्यातली बरीचशी दिशा परत आल्यावर, भिंतीसमोर उभं राहून सापडलेली आहे.

तेव्हा माझा सल्ला असा. महिनाभर नवा विषय शोधू नका. गेल्या दोन वर्षांतलं सगळं उघडा, टाकलेलंही. जिथे जिथे ‘हा का काढला होता?’ असा प्रश्न पडेल तो फोटो बाजूला ठेवा. चांगला-वाईट हा निकष लावायचा नाही. मग त्यांचे स्वस्तातले छोटे प्रिंट काढा, साध्या कागदावर चालतील, आणि जमिनीवर पसरा. स्क्रीनवर हे काम होत नाही. स्क्रीन एका वेळी एक फोटो दाखवते आणि आपल्याला शंभरांमधलं नातं बघायचंय.

सावल्या

निगेटिव्ह यांच्या प्रतिसादाला +१. प्रिंट पसरल्यावर आणखी एक करा. प्रत्येक फोटोत काय आहे त्याचं वर्णन मागच्या बाजूला एका साध्या वाक्यात लिहा. ‘बाई थांबली आहे’, ‘दार अर्धं उघडं’ असं. ‘विषण्णता’, ‘नागरी जीवन’ असले शब्द वापरायचे नाहीत. साधी वाक्यं परत परत येऊ लागली की कळतंच.

भटकी_फ्रेम

माझा थोडा विरोध नोंदवतो. रस्त्यावर विषय घेऊन गेलं की डोळ्यांना झापडं लागतात. तुम्ही छत्र्या शोधायला निघालात तर छत्र्याच दिसणार, आणि शेजारी घडणारी आयुष्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट निसटणार. अमेरिकेतले स्ट्रीट फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड बघा. हातात २८ मिमीची रुंद लेन्स, दिसेल ते टिपायचं, आधी काही ठरवायचं नाही. १९८४ मध्ये गेले तेव्हा सुमारे २५०० रोल नुसते धुवायचे राहिले होते. ती भूक महत्त्वाची. दिशा, सलग मालिका, प्रोजेक्ट हे सगळं गॅलऱ्यांना आणि स्पर्धांना हवं असतं. हौसेने काढणाऱ्याने हे ओझं कशाला घ्यायचं?

निगेटिव्ह

@भटकी_फ्रेम, रस्त्यावर असताना काही ठरवू नये, हे शंभर टक्के मान्य. मी ठरवायला सांगत नाहीये, परत आल्यावर बघायला सांगतोय.

विनोग्रँड यांच्याबद्दल दोन गोष्टी जोडतो. एक, ते रोल मुद्दाम उशिरा धुवायचे. कधी वर्ष, कधी त्याहून जास्त थांबायचे. फोटो काढतानाचा आनंद किंवा वैताग विसरला जावा आणि मग कोऱ्या नजरेने निवडता यावं, हा त्यामागचा हेतू. म्हणजे निवडीला ते किती मानत होते ते पाहा. दोन, सगळंच मोकाट नव्हतं. प्राणिसंग्रहालयातल्या फोटोंचं त्यांचं स्वतंत्र पुस्तक १९६९ चं आहे. विमानतळांवर ते वर्षानुवर्षं फोटो काढत राहिले. भूक होती, आणि ती त्याच त्या ठिकाणी परत परत नेतही होती.

शेवटच्या काळातल्या त्या न धुतलेल्या रोलांचं मला दुःखच वाटतं. ते पुढे इतरांनी धुतले, इतरांनी निवडले. त्यातले विनोग्रँड किती आणि निवडणारे किती, हे आता वेगळं काढता येत नाही.

झरोका

व्हिव्हियन मेयर यांच्याबाबतही हेच ना? आया म्हणून घरोघरी काम करत आयुष्यभर रस्त्यावरचे फोटो काढले, लाखाहून जास्त निगेटिव्ह मागे ठेवल्या, आणि २००७ मध्ये त्यांचं सामान लिलावात निघालं तेव्हा ते काम बाहेर आलं. २००९ मध्ये त्या गेल्या. आपण ज्यांना ‘मेयर यांची शैली’ म्हणतो ते फोटो बहुतांश इतरांनी निवडलेले आहेत. त्यांनी स्वतः त्यातले कुठले पुढे केले असते, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं.

निगेटिव्ह

@झरोका, अगदी. म्हणूनच मी निवडीवर इतका जोर देतो. बटण दाबणं हा अर्धा भाग. उरलेला अर्धा आपण केला नाही तर तो कुणीतरी दुसरा करतो, किंवा होतच नाही.

सावल्या

दिशेसाठी आणखी एक मार्ग आहे, जागेची मर्यादा. सॉल लाइटर यांनी न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये पन्नासहून जास्त वर्षं काढली आणि त्यांचे कितीतरी रंगीत फोटो घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरचे आहेत. वाफ धरलेल्या काचा, बर्फ, छत्रीची कड, अर्धी फ्रेम काळ्या छताने झाकलेली. बरेचदा लांब लेन्स वापरायचे, म्हणजे ‘जवळ जा’ हा नियमही प्रत्येकाला लागू होतोच असं नाही (मीटरभर, रागावू नका). त्यांच्या रंगीत कामाचं पुस्तक २००६ मध्ये आलं, तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते. आणि फोटो बहुतेक १९५० च्या दशकातले.

एकच रस्ता, एकच कोपरा, वर्षभर. पहिल्या काही फेऱ्यांत सगळे सोपे फोटो काढून संपतात. आकृत्या, प्रतिबिंबं, पोस्टर सगळं होऊन जातं. त्यानंतर जे दिसायला लागतं ते तुमचं.

पायवाट

मंडळी, उशिरा लिहितेय, पण काम केलंय.

दोन वर्षांचं सगळं उघडलं. ‘हा का काढला होता?’ वाले फोटो बाजूला काढत गेले. ढीग मोठा झाला. घरच्या प्रिंटरवर, एका पानावर आठ, अशा प्रती काढल्या, कापल्या आणि खोलीभर पसरल्या. सावल्या यांनी सांगितल्याप्रमाणे मागे वाक्यं लिहिली.

आधी काहीच दिसेना. मग वाक्यं एकत्र वाचली. ‘माणूस गादी डोक्यावर घेऊन चाललाय.’ ‘बाईच्या हातात मोठी कुंडी, पानांत तोंड लपलंय.’ ‘दोघं जण शिडी घेऊन वळतायत.’ ‘मुलगा, पाठीवर चेलो.’ ‘खोक्यांची चळत, खाली दोन पाय.’ ‘म्हातारे गृहस्थ, हातात पंखा, पंख्याची वायर लोंबतेय.’

मी दोन वर्षं सामान वाहणाऱ्या माणसांचे फोटो काढतेय आणि मला त्याचा पत्ताच नव्हता! त्यातला एकही मी कधी कुणाला दाखवला नव्हता, कारण बहुतेकांत चेहरा झाकलेला आहे आणि ‘चेहरा दिसत नाही’ म्हणून मी ते बाद केले होते. पसरल्यावर दिसलं की चेहरा झाकला गेल्यामुळेच बाकीचं सगळं दिसतंय. मान कशी तिरकी होते, बोटांची पेरं कशी पांढरी पडतात, एक गुडघा किंचित वाकवून वजन कसं सावरलं जातं. गादीवाल्या माणसाच्या फोटोत गादी दोन्ही बाजूंनी खाली वाकली आहे आणि त्याचा एक हात वर, बोटं गादीच्या शिवणीत रुतलेली. तो हात मी काढताना पाहिलाही नसावा.

आता पुढे कसं जाऊ ते सांगा. मला खूप हुरूप आलाय.

मीटरभर

वा! हा खरा विषय. ‘एकटेपण’ वगैरेपेक्षा शंभर पटीने बरा, कारण हा दिसतो. कोपऱ्यावर उभा राहिलो तर मला तो बोट दाखवून सांगता येईल.

एक तांत्रिक गोष्ट. वजन वाहणारा माणूस सरळ रेषेत, ठरावीक गतीने चालतो आणि सहसा थांबत नाही. त्याच्या मागे धावू नका. त्याचा मार्ग ओळखून पुढे जा, फोकस लावलेल्या अंतरावर थांबा आणि त्याला येऊ द्या. मात्र त्याच्या वाटेत उभं राहायचं नाही. हातात काच घेतलेल्या माणसाला बाजूला व्हायला लावणं धोक्याचं आहे.

भटकी_फ्रेम

विरोध केला होता, पण हे वाचून आनंद झाला. कुणी दिलेला विषय नाही, आतून आलाय. एवढीच विनंती, बाकीचे फोटो काढणं थांबवू नका.

दोन_पाऊले

विषय मलाही आवडला. त्यातली एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच बोलून घ्यावी असं वाटतं.

ओझं वाहणारी माणसं दोन प्रकारची. एक, आपली नवी गादी घरी नेणारा. दुसरा, दुसऱ्याच्या गाद्या रोज वाहून पोट भरणारा. रस्त्यावर दोघं एकसारखे दिसतात, फोटोत तर अजूनच. पण दुसऱ्याचे हात रिकामे नसतात, तो नाही म्हणू शकत नाही, तोंड फिरवू शकत नाही. कॅमेऱ्यासमोर तो इतरांपेक्षा जास्त उघडा असतो. रस्त्यावरच्या फोटोग्राफीत कष्टकऱ्यांचे फोटो काढून त्यावर करुणेचा मुलामा चढवायची सवय फार जुनी आहे, आणि मला ती मनापासून खटकते. घामाचे थेंब, सुरकुत्या, काळे-पांढरे, भरपूर कॉन्ट्रास्ट. त्या वाटेला जाऊ नका.

कायद्याचं म्हणाल तर देशागणिक बदलतं. जर्मनीत १९०७ च्या कायद्यापासून माणसाची ओळखू येणारी प्रतिमा प्रसिद्ध करायला, काही अपवाद सोडले तर, त्याची संमती लागते. न्यूयॉर्कमध्ये फिलिप-लॉर्का डिकॉर्शिया यांनी टाइम्स स्क्वेअरमध्ये नकळत टिपलेल्या चेहऱ्यांवरून एका गृहस्थांनी दावा लावला होता. २००६ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला, ती कला आहे म्हणून. म्हणजे एकच फोटो एका ठिकाणी चालतो, दुसऱ्या ठिकाणी नाही. आपण राहतो तिथला नियम वाचून घ्यावा. पण कायदा परवानगी देतो एवढं मला पुरत नाही. वॉकर इव्हान्स यांनी १९३८ ते ४१ मध्ये कोटात कॅमेरा लपवून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतल्या प्रवाशांचे फोटो काढले, आणि ते पुस्तकरूपाने यायला १९६६ उजाडलं. मधल्या वर्षांत त्या चेहऱ्यांवर काळाचा पडदा पडला होता. आपण तर काढल्या मिनिटाला जगाला दाखवतो.

पायवाट

@दोन_पाऊले, हे तुम्ही लिहिलंत म्हणून खरंच आभार. प्रतिसाद वाचून पुन्हा प्रिंट पसरले. माझ्या ढिगात दोन्ही प्रकारची माणसं आहेत आणि ती मिसळूनच राहावीत असं वाटतंय. चेलोवाला मुलगा आणि खोकीवाला माणूस शेजारी ठेवले तर दोघांच्या खांद्याचा कोन तोच दिसतो. तिथे गरीब-श्रीमंत पुसलं जात नाही, पण कीवही येत नाही. तुम्ही म्हणता त्या मुलाम्यासाठी काळं-पांढरं आणि कॉन्ट्रास्ट लागतो, म्हणून रंगीतच ठेवणार. सामानाचा रंग हा या फोटोंचा अर्धा जीव आहे. गादीवरची फुलं काळ्या-पांढऱ्यात मेली असती.

आणि ठरवलंय की ज्यात चेहरा ओळखू येतो तो विचारल्याशिवाय कुठेही टाकायचा नाही. माणूस ओझं खाली ठेवून थांबला की जाऊन दाखवते, फोटो पाठवू का विचारते. तिघा-चौघांनी आनंदाने घेतला. एका बाईंनी पुसायला सांगितला, त्यांच्यासमोरच पुसला. चांगला होता.

निगेटिव्ह

छान चाललंय. आता पुढचा धोका सांगतो, तो लवकरच येणार.

विषय सापडला की माणूस त्याचे नमुने गोळा करायला लागतो. गादी झाली, शिडी झाली, आता कपाट हवं, सायकल हवी. शंभर नमुने जमतात आणि शंभरही फोटो बाजूने काढलेले, मधोमध, पूर्ण माणूस, झाकलेला चेहरा. पाचव्या पानानंतर बघणाऱ्याला पुढे काय येणार ते कळलेलं असतं.

यावर माझ्याकडे एकच उपाय आहे. प्रत्येक नव्या फोटोला विचारायचं, आधीच्या ढिगात नसलेलं तू काय आणलंस? नव्या वस्तूने काम भागत नाही. नवं अंतर आणा. नुसते हात, किंवा लांबून, गर्दीच्या डोक्यांवर तरंगणारी खुर्ची. वेळ बदला. ओझं उचलतानाचा क्षण, दार अरुंद निघाल्यावरचा क्षण, खाली ठेवल्यानंतर खांद्यावर उरलेली खूण. दोघांनी मिळून वाहिलेलं आणि एकट्याने वाहिलेलं यांत काय फरक पडतो ते बघा. दोघं असले की बोलावं लागतं, ‘डावीकडे, हळू, पायरी आहे’. ते बोलणं फोटोत येतं का? हेलन लेव्हिट रस्त्यावरच्या मुलांचे फोटो काढायच्या तेव्हा कॅमेऱ्याला काटकोनी व्ह्यूफाइंडर लावायच्या, म्हणजे तोंड एकीकडे आणि लेन्स दुसरीकडे. मुलं त्यांच्याकडे पाहतच नसत. त्या फोटोंत एक मूल दुसऱ्याला काय सांगतंय ते देहबोलीवरून ऐकू येतं. तुमच्या जोड्यांसाठी ते काम बघून ठेवा.

दर काही आठवड्यांनी वीसपेक्षा जास्त फोटो ठेवायचे नाहीत असा नियम करा. एकविसावा आला की एक जाणार. कुठला जातो यावरून तुम्हाला विषय जास्त कळेल.

सावल्या

जागाही पक्की करा असं सुचवेन. जिन्याजवळ, उतारावर, पादचारी पुलाखाली. जिथे वजन जाणवतं अशा जागा. सपाट रस्त्यावर गादी हलकी दिसते.

पायवाट

@सावल्या, उताराची कल्पना फार कामी आली. स्टेशनाबाहेर एक लांब जिना आहे, शेजारी चाकांसाठी उतार. पायऱ्यांवरून जावं की उतारावरून, हे ठरवायला प्रत्येक जण तळाशी क्षणभर थांबतो. तो थांबण्याचा क्षण मला मिळायला लागलाय. मीटरभर यांच्या पद्धतीने फोकस २ मीटरवर लावून तिथे कठड्याला टेकून उभी राहते. लोकांना माझी सवय झाली आहे.

एका ठिकाणी अडले आहे. मदत करा.

आरशाचे दोन फोटो आहेत. दोघं जण माणसाएवढा आरसा आडवा धरून नेत होते. पहिल्या फोटोत आरशात समोरचं आकाश आणि एका इमारतीचा कोपरा असा चपखल बसलाय की रस्त्याच्या मधोमध खिडकी उघडल्यासारखी वाटते. माणसांचे फक्त पाय आणि बोटं दिसतात. स्वच्छ, सरळ, पाहताक्षणी आवडणारा.

दुसरा त्यानंतर थोड्या वेळाने, जिन्याच्या तळाशी. त्यांनी आरसा खाली ठेवलाय. कड जमिनीला लागून टवका उडू नये म्हणून पुढच्या माणसाने ती स्वतःच्या बुटाच्या टोकावर टेकवली आहे आणि एक हात झटकतोय. मागचा अजून दोन्ही हातांनी धरून आहे आणि पुढच्याकडे बघतोय. आरशात काही खास नाही, कठडा आणि माझी कोपरभर बाही. फ्रेम थोडी कललेली. दोघांनाही दाखवला, दोघांचीही हरकत नाही.

वीस झालेत, एकच ठेवता येईल.

भटकी_फ्रेम

पहिला. डोळे मिटून पहिला. असा फोटो रोज मिळत नाही.

झरोका

मलाही पहिला वाटतोय, वर्णनावरून.

मीटरभर

दुसरा. बूट!

दोन_पाऊले

दुसरा. पहिल्यात आरसा वाहिला जातोय, दुसऱ्यात माणसं वाहतायत.

निगेटिव्ह

पहिला फोटो खूप चांगला असणार यात शंका नाही. पण पायवाट, तुमचा पहिला प्रतिसाद पुन्हा वाचा. पाण्यातली उलटी इमारत, पोस्टरमधली नजर. आरशातलं आकाश त्याच घराण्यातलं आहे. तो फोटो आरशाने तुम्हाला दिला. तो वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा, भिंतीवर लावायलाही हरकत नाही.

या वीसमध्ये दुसरा. मागच्या माणसाची नजर पुढच्याच्या हातावर आहे की चेहऱ्यावर, ते मात्र प्रिंट मोठा काढून बघा. हातावर असेल तर आधीची एखादी फ्रेमही तपासा, तिच्यात तो चेहऱ्याकडे बघत असू शकेल.

पायवाट

मोठा प्रिंट काढला. हातावर आहे. आधीच्या तीन फ्रेममध्ये तो रस्त्याकडे बघतोय, म्हणजे हीच ठेवायची. कलतेपण सरळ करून पाहिलं, तर बुटाचं टोक कापलं जातंय, त्यामुळे तसंच राहू दिलं.

तिला जागा करायला शिडीवाला फोटो काढला. वीसही फोटो पुढच्या आठवड्यात क्रमाने वेगळ्या धाग्यात टाकते, चेहरे दिसणारे विचारलेलेच. क्रमाबद्दल तिथे भांडा. सध्या सुरुवात कुंडीवाल्या बाईंपासून केली आहे आणि भटकी_फ्रेम यांना ती आवडणार नाही असा माझा अंदाज आहे.